बोटीचा नाहीतर कॅरॅव्हॅनचा शो बघायला एवढ्या लांब जावं का?

प्रश्न: आमचं पैठणजवळ नाथसागराच्या काठाला शेत आहे अन् एक छोटं हॉटेल आहे. शनिवार-रविवार संभाजीनगरची पब्लिक येते, जेवते, पाणी बघते अन् जाते. मित्र अन् मी मिळून लोकांना फिरवायला एक इंजिनाची बोट घ्यावी म्हणायलो. कोचीला बोटींचा मोठा शो भरतो असं कळलं. पण जाणं-येणं, राहणं धरलं तर बराच खर्च होतो, अन् घरचे म्हणायलेत की नुसतं बघायला कामून जायचं, मोबाईलवर सगळं दिसतंय की. काय करावं?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर: दादा, शोला जा. पण तिकीट काढायच्या आधी वन विभागाच्या ऑफिसात एक चक्कर मारून या, कारण जायकवाडीचं पाणी, म्हणजे तुमचा नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात ते याच पाण्यावर, त्यामुळं तिथं इंजिनाची बोट पळवायची म्हटलं की वन विभाग अन् पाटबंधारे दोघांनाही विचारावं लागणार, आणि परवानगी मिळेलच असं धरून चालू नका. नाही मिळाली तर माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी असं दुसरं पाणी बघावं लागेल, अन् पाणी बदललं की बोटपण बदलते. म्हणून आधी पाणी पक्कं करा, मग शो.

आता घरच्यांचं म्हणणं. मोबाईलवर दिसतंय हे खरं आहे, पण काय दिसतंय तर चकचकीत रंग, गॉगल घातलेला माणूस अन् निळंशार पाणी. कार घ्यायची तर संभाजीनगरला जालना रोडवर एका दुपारी चार शोरूम फिरून होतात, तशी बोटींची लाईन आपल्याकडं कुठं आहे? दहा बनवणारे एका छताखाली, दहा बोटी शेजारी-शेजारी, अन् ज्यानं ती बोट बांधली तोच समोर उभा, हे आपल्याला शोशिवाय मिळत नाही. मुंबई, गोवा, केरळवाल्यांनी शो नाही बघितला तरी चालतं, त्यांच्या दारात बोटी आहेत. आपल्या मराठवाड्याच्या माणसासाठी मात्र तो खर्च वसूल होतो, असं माझं ठाम मत आहे.

फक्त एक, तिथं खरेदी करायची नाही. माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूस काय करतो बघा, आधी दात बघतो, मग चालवून बघतो, मग दुसऱ्याचा बघून परत येतो, झूल कितीही भारी असली तरी पहिल्या दावणीला पैसे काढत नाही. तसंच करा. बोट तिथं लाकडी स्टँडवर उभी असते, लाईट मारलेली, पॉलिश केलेली, अन् पाण्यात ती कशी वागते ते त्या हॉलमध्ये देवालापण कळणार नाही.

तरी हॉलमध्ये बरंच कळतं, नजर मात्र योग्य जागी पाहिजे. पुढचं सीट अन् म्युझिक सिस्टीम सोडा, सरळ मागं जा. जिथं आउटबोर्ड इंजिन लटकवतात ती मागची उभी फळी हातानं धरा, सगळा जोर तिच्यावर येतो. इंजिन बसवलेलं असेल तर वर-खाली करायला लावा अन् फळी हलते का, बोल्टाच्या भोवती बारीक केसासारख्या चिरा आहेत का ते वाकून बघा. मग फायबरवर बोटाच्या पेरानं टकटक करत जा, सगळीकडं भरीव आवाज येतो अन् मधेच कुठं पोकळ आला तर तिथं थर नीट बसलेले नाहीत. शेवटी तळाचं झाकण उघडायला सांगा. वरून सगळेच गुळगुळीत करतात, आतून कच्चं फायबर टोचेल असं सोडलंय की तिथंपण हात फिरवलाय, यावरून तुम्हाला बनवणारा माणूस कळतो.

अन् आपल्या पाण्याचे प्रश्न आपणच विचारायचे, केरळच्या माणसाला ते सुचणार नाहीत. जायकवाडी पसरट आहे, खोल नाही, वारं सुटलं की लाटा चांगल्या उठतात, अन् उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की मधे नुसता गाळ राहतो. त्यामुळं विचारा की माणसं भरलेली असताना ही बोट पाण्यात किती बुडते, म्हणजे कमीत कमी किती पाणी लागतं. इंजिन थंड ठेवायला जे पाणी आत ओढतं त्या पंपात रबरी पंख्यासारखा पार्ट असतो, इम्पेलर, गढूळ पाण्यात तो लवकर झिजतो, तो झिजला की इंजिन तापतं. तो पार्ट कितीला मिळतो, कुठं मिळतो, बदलायला आम्हाला शिकवाल का, हे विचारा. मे महिन्याच्या शनिवारी, हॉटेलात गर्दी असताना इंजिन बंद पडलं तर पैठणला कोण येणार अन् किती दिवसांत, याचं उत्तर जो नाव-नंबरसकट देतो त्याच्याकडं परत जा. जो नुसता 'सर टेन्शन नका घेऊ' म्हणतो त्याला नमस्कार करून पुढं चला.

पैशाचंही एक बोलून ठेवतो, कारण हे पत्रकावर लिहिलेलं नसतं. सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या, खेळाच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के आहे, अन् माणसं नेण्या-आणण्याच्या, सहलीच्या बोटींवर ५ टक्के. तुमची बोट जीएसटीच्या कोणत्या कोडखाली बिल होणार हे लेखी घ्या अन् घरी येऊन तुमच्या सीएला दाखवा, यातच लाखांचा फरक पडू शकतो. शिवाय इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ आल्यापासून (१९१७ चा जुना कायदा गेला) इंजिनाच्या बोटीला सर्व्हे अन् नोंदणी लागतेच, आपल्याकडं ते काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. बोटीचे नकाशे, इंजिनाची कागदपत्रं, किती माणसांची क्षमता याचा कागद बनवणारा देणार की नाही हे स्टॉलवरच विचारायचं. लाईफजॅकेट जेवढी माणसं तेवढी, लहान पोरांची वेगळी, यात एक रुपया वाचवू नका दादा, लोकांची लेकरं बसणार आहेत त्यात.

'फक्त शोपुरती ऑफर, आज टोकन द्या' असं सगळेच म्हणतील. म्हणावं कोटेशन लिहून द्या, महिनाभर चालेल असं. ज्याला धंदा करायचाय तो देतो. मग दोघं-तिघं निवडा अन् त्यांची चालती बोट जिथं असेल तिथं जाऊन, पूर्ण माणसं भरून, वाऱ्याच्या वेळी बसून बघा.

प्रश्न: मी लातूरचा निवृत्त शिक्षक. परळी, औंढा, वेरूळ ही आपली तीन झाली, आता सौ. अन् मी मिळून उरलेली ज्योतिर्लिंगं निवांत करावीत असा विचार आहे, सोमनाथपासून रामेश्वरपर्यंत. हॉटेलं शोधण्यापेक्षा झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅरॅव्हॅन घ्यावी वाटते. मुलगा म्हणतो आधी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोला जाऊन बघून येऊ. या वयात ती धावपळ करावी का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: सर, तुमच्या कामासाठी तिथं जायची गरज नाही. ऑटो एक्स्पो दर दोन वर्षांनी असतो, बघण्यासारखा असतो, पण तिथं सगळा भर नव्या कार, इव्ही, बाईकवर असतो, अन् गर्दी एवढी की एखादी कॅरॅव्हॅन असली तरी तुम्हाला आत शांतपणे पाच मिनिटं बसू देणार नाहीत. अन् कॅरॅव्हॅन तर बसून, झोपूनच कळते. बाहेर जर्मनी-अमेरिकेत खास कॅरॅव्हॅनचेच शो असतात, शेकडो गाड्या उघड्या ठेवलेल्या, लोक चपला काढून बेडवर आडवे होऊन बघतात, तिथं जाणं कामाचं. दिल्लीच्या शोचं मी तसं म्हणणार नाही.

त्यापेक्षा ज्या वर्कशॉपमध्ये अशा गाड्या बांधतात तिथं जा, पुण्याकडं चौकशी करा, बरेचजण फोर्स कंपनीच्या ट्रॅव्हलर गाडीवर बांधतात. वर्कशॉपमध्ये अर्धवट झालेली गाडी बघायला मिळते हा मोठा फायदा, पत्रा लावायच्या आधी वायर कशी ओढलीये, पाण्याचे पाईप कसे जोडलेत, गॅसच्या सिलिंडरच्या कप्प्याला बाहेर हवा जायला जागा ठेवलीये का, सगळं उघडं दिसतं. तयार गाडीत गेलात की दोघांनीही जा. सौ. नी ओट्यासमोर उभं राहावं, तुम्ही त्याच वेळी मागून बाथरूमला जाऊन बघा, जाता येतं का. बाथरूमचं दार लावून आत वळून बघा. बेडवर चढताना गुडघ्याला काय होतं ते बघा, रात्री दोनदा उतरायचंय तिथून.

सगळ्यात मोठा प्रश्न एसीचा. शो असो नाहीतर शोरूम, तिथं आधीच गारवा असतो, गाडीतल्या एसीची परीक्षा होतच नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री असते अन् पत्र्याची गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की आत भट्टीच. साधा हिशोब सांगतो: एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ताशी साधारण एक युनिट वीज खातो. १२ व्होल्टची २०० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे एकूण २.४ युनिट, त्यातपण साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरावी नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे तास-सव्वातास एसी, की संपलं. 'रात्रभर एसी चालतो सर' असं कोणी म्हटलं तर विचारा, कशावर? जनरेटरवर, की बाहेरून प्लग लावून? अन् प्लग रामेश्वरला रात्री कोण देणार? तुमची जायची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवली तर हा अर्धा प्रश्नच राहत नाही, हे मात्र मनापासून सांगतो.

वजनाचंपण विचारा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर बॅटऱ्या, फर्निचर, तुमचं सामान. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनात हे सगळं बसतं का, भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती दाखवाल का, असं सरळ म्हणा.

अन् मुलानं कधी म्हटलं की जुनी गाडी घेऊ अन् आपल्याच गॅरेजवाल्याकडून बेड-किचन बसवून घेऊ, तर त्याला थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत असे बदल मनानं करता येत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलंय, अन् अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच काढतात. कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणं मंजूर असलेली अन् आरसीवर मोटार कॅरॅव्हॅन म्हणून नोंद होणारी गाडीच घ्या.

घेण्याच्या आधी एकदा भाड्यानं घेऊन बघा सर. राज्य सरकारनं २०२१ ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, भाड्यानं देणारे आता मिळतात. लातूरहून त्र्यंबकेश्वर-भीमाशंकर एवढा एक फेरा करा. त्यात रात्री गाडी कुठं लावायची, घाण पाण्याची टाकी कुठं रिकामी करायची, घाटात मागं कपाटं उघडतात का, सगळं कळेल. एवढं झाल्यावरही सौ. ना आवडली तर बिनधास्त घ्या.

प्रश्न: मुलगी जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ असते. आम्ही दोघं जानेवारीत नांदेडहून तिच्याकडं जायलो. जावई म्हणतात तिथं बोटींचा जगातला मोठा शो असतो, चला. आम्हाला ना बोट घ्यायची ना काही. तिकिटाचे पैसे वाया जातील का?
— एक वाचक ताई, नांदेड

उत्तर: ताई, नक्की जा, पैसे वाया जात नाहीत. हा शो १९६९ पासून भरतोय, दर जानेवारीला, अन् मोठमोठे पंधरा-सोळा हॉल भरून. काही घ्यायचं नसलेल्या माणसाला तर तिथं जास्त मजा येते, कोणी मागं लागत नाही. आधी मोठ्या यॉटच्या हॉलमध्ये जा, पायऱ्या चढून आत सोडतात तिथं रांग लावा, मग छोट्या होड्या अन् पाण्यातले खेळ. सगळे हॉल एका दिवसात होत नाहीत, त्याचा नाद करू नका, चार-पाच निवडा. बाहेर कडाक्याची थंडी अन् आत उबदार, त्यामुळं जाडजूड कोट आत गेल्यावर क्लोकरूमला टाका अन् पायात साधे चालायचे बूट घाला. जावयांना कॅरॅव्हॅनची हौस असेल तर त्याच शहरात, त्याच मैदानावर ऑगस्टच्या शेवटाला कॅरॅव्हॅनचा वेगळा शो असतो, तो तिकडचा सगळ्यात मोठा, पण त्यासाठी परत जावं लागेल.

तिथून आणायचंच तर छोट्या वस्तू बघा, घडीची बादली, घडीची किटली असल्या. जर्मनीची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे त्यामुळं तिथली छोटी यंत्रं इकडं चालतात, फक्त पिन बदलावी लागते. अन् आपोआप फुगणारं लाईफजॅकेट कोणी गिफ्ट दिलं तर विमानात बसायच्या आधी एअरलाईनला विचारा, त्यात दाबानं भरलेल्या गॅसची छोटी नळकांडी असते, न सांगता नेलं तर एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात.