महागड्या गाडीला महागडेच पेट्रोल हवे का?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून गेल्या दिवाळीत २०१८ सालची, जर्मन बनावटीची, टर्बो इंजिनाची पेट्रोल सेडान जुन्या बाजारातून घेतली. आयुष्यभराची हौस होती. पंपावर गेलो की तिथला मुलगा ‘साधं की पॉवर?’ असे विचारतो आणि मी काही बोलण्याआधीच ‘साहेब, या गाडीला पॉवरच टाका’ असेही सांगतो. शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की हे सगळे पैसे काढण्याचे प्रकार आहेत. गाडीबरोबर माहितीपुस्तिका मिळालेली नाही. टाकीच्या झाकणाच्या आत ‘९५ आरओएन’ आणि त्याच्या शेजारी ‘ई१०’ असे लिहिलेले दिसते. महिन्याला साडेतीनशे किलोमीटर फिरणे होते, त्यात साताऱ्याची एक फेरी असते. मी कोणते पेट्रोल भरावे?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : झाकणाच्या आत काय लिहिले आहे ते आपण वाकून पाहिलेत, याचा मला फार आनंद झाला, कारण गाडीची किंमत, तिच्या नाकावरचे चिन्ह आणि पंपावरचा आग्रह या तिन्हींपेक्षा त्या दोन आकड्यांना जास्त अर्थ आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे; फक्त लोक ज्या आकड्याची चर्चा करतात तो पहिला आहे आणि मला काळजी वाटते ती दुसऱ्याची.

आधी पहिला आकडा पाहू; त्यातले ‘आरओएन’ म्हणजे ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज सर्रास आढळतो आणि ‘पॉवर’ किंवा ‘स्पीड’ अशा नावांमुळे तो पक्का होतो. प्रत्यक्षात जास्त ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये जास्त उष्णता साठवलेली नसते. दाब आणि उष्णता वाढत असताना, ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी स्वतःहून पेट न घेता पेट्रोल किती दम धरते, याचे ते माप आहे. आयसोऑक्टेन नावाचे द्रव्य चांगलाच दम धरते, म्हणून त्याला १०० मानले. हेप्टेन लगेच पेटते, म्हणून त्याला शून्य मानले. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे दम धरण्याच्या बाबतीत ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल.

हा दम कुठे लागतो ते आपल्याच साताऱ्याच्या फेरीत पाहता येईल. खंबाटकीचा चढ, एप्रिलमधली दुपार, गाडीत चार माणसे, एसी चालू आणि गिअर एक जादा वरचा. टर्बो हवा कोंबत असतो, सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो आणि अशा वेळी ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते. जुन्या गाड्यांमध्ये तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असे, आणि गॅरेजमधली मंडळी ‘इंजिन नॉकिंग करतंय’ असे म्हणत. आपल्या गाडीत तो बहुधा ऐकू येणार नाही, कारण इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हे हादरे ओळखतो आणि संगणक लगेच ठिणगीची वेळ थोडी मागे ढकलतो. इंजिन वाचते, पण पिकअप मंदावतो आणि ॲव्हरेज उतरते. त्यामुळे एखाद्या वेळी कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरावे लागले, तर घाबरण्याचे कारण नाही; चार दिवस ॲक्सिलरेटर जपून दाबावा, एवढेच. मात्र सेन्सर आहे म्हणून वर्षानुवर्षे किमान मर्यादेखालचे पेट्रोल वापरणे, हे मी कोणालाही सुचवणार नाही.

आता पंपावरची आजची परिस्थिती पाहा, कारण शेजाऱ्यांचे मत आणि पंपावरच्या मुलाचे मत ही दोन्ही काही वर्षांपूर्वीच्या पेट्रोलवर बेतलेली आहेत. बीएस-६ ही प्रदूषणाची मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली, तेव्हा साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता आणि प्रीमियमचा, म्हणजे ‘पॉवर’सारख्या महागड्या पेट्रोलचा, ९५. त्या वेळी आपल्या गाडीला प्रीमियम भरण्यात नक्कीच अर्थ होता. त्यानंतर इथेनॉलचे प्रमाण वाढत २० टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने मिश्रणाचाही वाढला, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ आहे. म्हणजे केवळ दम धरण्यापुरते बोलायचे, तर साधे पेट्रोल आज आपल्या झाकणावरच्या आकड्यापाशी येऊन पोहोचले आहे. ९५ च्या प्रीमियमसाठी लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजताना आपण मुख्यतः त्यातल्या स्वच्छता करणाऱ्या रसायनांचे पैसे देत असता. त्या रसायनांनी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची तोंडे साफ राहायला मदत होते, हे खरे आहे. पण आपल्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असेल, आणि या वर्गातल्या टर्बो गाड्यांत ते बहुधा तसेच असते, तर हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साचणाऱ्या काजळीपर्यंत ते पेट्रोल पोहोचतच नाही. ती काढायची तर गॅरेजमध्ये इंजिन उघडूनच काढावी लागते.

मला खरी काळजी वाटते ती ‘ई१०’ या अक्षरांची. त्यांचा अर्थ असा, की या गाडीच्या इंधनमार्गातले रबर, सील आणि नळ्या १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल गृहीत धरून निवडलेल्या आहेत आणि पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये त्याच्या दुप्पट इथेनॉल आहे. गाडी त्यावर चालेल, कदाचित वर्षभर काही जाणवणारही नाही. परंतु इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज उतरणारच. १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींमध्ये ही घट ६ ते ७ टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला आहे. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. आपली गाडी महिन्याला साडेतीनशे किलोमीटरच चालते, म्हणजे पेट्रोल टाकीत पडून राहते, आणि पावसाळ्यात हे मला अजिबात आवडत नाही.

सरकारी तेल कंपन्यांच्या निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. इंडियन ऑइलने ते डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणेही होते. त्याचे महत्त्व मला १०० या आकड्यापेक्षा अशासाठी वाटते, की त्यात इथेनॉल मिसळलेले नसते. (भरण्याआधी पंपावर तेवढे विचारून खात्री करावी, ९५ चे प्रीमियम आणि १०० चे प्रीमियम यांत तिथले कर्मचारीसुद्धा गल्लत करतात.) त्याची किंमत मात्र लिटरला १६० रुपयांच्या घरात आहे, आणि साधे पेट्रोल पुण्यात १०४ रुपयांच्या आसपास मिळते. आपली गाडी लिटरला ११ किलोमीटर देते असे धरले, तर महिन्याला ३२ लिटर लागतील आणि पूर्ण वेळ १०० ऑक्टेन वापरल्यास सुमारे १,८०० रुपये जादा जातील.

तेवढे करण्याची गरज नाही. २० टक्के इथेनॉलचे साधे पेट्रोल आणि इथेनॉल नसलेले १०० ऑक्टेन निम्मे-निम्मे मिसळले, की टाकीत १० टक्के इथेनॉलचे आणि साधारण ९७ ऑक्टेनचे मिश्रण तयार होते. आपल्या झाकणावर लिहिलेल्या दोन्ही अटी त्याने पुऱ्या होतात आणि जादा खर्च महिन्याला ९०० रुपयांच्या आत राहतो. टाकी अर्ध्यावर आली की एकदा हे आणि पुढच्या वेळी ते, असे भरत गेले तरी प्रमाण पुरेसे जुळते. दोन्ही पेट्रोले एकमेकांत बिनदिक्कत मिसळतात. मी आपल्या जागी असतो, तर हेच केले असते आणि ९५ च्या प्रीमियमच्या वाटेला गेलो नसतो.

एक काम मात्र या आठवड्यात करावे. गाडीच्या मॉडेलची आणि वर्षाची माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावी किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मागून घ्यावी, आणि आपली गाडी २० टक्के इथेनॉलला चालते का, हे चेसिस क्रमांक देऊन लेखी विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर साधे पेट्रोल भरा आणि उरलेल्या पैशांत इंजिन ऑइल ठरलेल्या मुदतीआधी बदला. टर्बो इंजिनाला त्याचा उपयोग कोणत्याही पेट्रोलपेक्षा जास्त होईल.

प्रश्न : आमच्याकडे जपानी बनावटीची महागडी एसयूव्ही आहे. झाकणावर ‘प्रीमियम रेकमेंडेड’ असे लिहिले आहे, तरी माझे यजमान नेहमी ८७ चे रेग्युलर भरतात. पुण्याहून आलेल्या दिरांनी ८७ हा आकडा पाहिला आणि ‘आमच्याकडे साधे पेट्रोलसुद्धा याहून चांगले मिळते, तुम्ही इंजिनाची वाट लावाल’ असे सुनावले. तेव्हापासून घरात रोज वाद होतात. कोणाचे बरोबर?
(एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : दिरांची काळजी मनापासूनची आहे, पण त्यांनी दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवले. भारतात आणि युरोपात पंपावर आरओएन हा आकडा लिहितात. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आणि दुसरी चाचणी अधिक कडक असल्याने सरासरी चार-पाच अंकांनी खाली येते. आपल्याकडचे ८७ म्हणजे भारतातले जवळपास ९१, आणि आपल्याकडचे ९३ चे प्रीमियम म्हणजे साधारण ९८.

यजमानांचे बरोबर आहे की नाही, हे त्या झाकणावरच्या एका शब्दावर ठरते. तिथे ‘रेकमेंडेड’ म्हणजे शिफारस केलेले, असे असेल, तर ८७ चालते. कंपनीने तेही गृहीत धरलेले असते. तिथे ‘रिक्वायर्ड’ म्हणजे आवश्यक, असे असते, तर मी यजमानांची बाजू घेतली नसती. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये शिफारस असलेल्या गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा प्रीमियममुळे ॲव्हरेजमध्ये सरासरी २.७ टक्के आणि शक्तीमध्ये १.४ टक्के वाढ दिसली. आपल्याकडे रेग्युलर आणि प्रीमियम यांच्या दरांत गॅलनला ८० सेंटच्या आसपास, म्हणजे पाव हिश्शाएवढा फरक असतो. तो अडीच-पावणेतीन टक्क्यांतून भरून निघणार नाही. जुलैच्या उन्हात सगळे कुटुंब आणि सामान घेऊन डोंगराळ भागात निघाल, तेव्हा जाताना ९३ भरावे, इंजिनाला ते मानवेल. रोजच्या ऑफिस-बाजाराला ८७ पुरे.

यजमानांनी एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. स्वच्छता करणारी रसायने फक्त प्रीमियममध्येच असतात असे नाही. ‘टॉप टियर’ हे मानक काही वाहन कंपन्यांनी मिळून २००४ मध्ये सुरू केले, आणि ते पाळणाऱ्या कंपनीच्या ८७ मध्येही ती रसायने पुरेशा प्रमाणात असतात. याच असोसिएशनच्या २०१६ च्या चाचणीत, हे मानक न पाळणाऱ्या पेट्रोलमुळे व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त साका जमलेला आढळला. तेव्हा दोन सेंट स्वस्त मिळते म्हणून कुठल्याही अनोळखी पंपावर गाडी वळवण्यापेक्षा टॉप टियरची खूण असलेला एक पंप ठरवून टाकावा. न्यू जर्सीत कायद्याने आपण स्वतः पेट्रोल भरू शकत नाही, कर्मचारीच भरतो. म्हणून खिडकीची काच खाली करून ‘रेग्युलर’ की ‘प्रीमियम’ हे स्पष्ट सांगावे आणि पावतीवर तेच आले आहे ना, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : प्रीमियमऐवजी ऑक्टेन वाढवणाऱ्या औषधाची बाटली टाकीत ओतली तर चालेल का? बाटलीवर ‘पाच पॉइंट वाढ’ असे लिहिले आहे.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ओतू नये. अशा बऱ्याच बाटल्यांवरचा ‘पॉइंट’ म्हणजे ऑक्टेनचा एक दशांश भाग असतो, त्यामुळे पाच पॉइंट म्हणजे ९१ चे ९६ होत नाही, साडेएक्क्याण्णव होते. काही बाटल्यांमध्ये मँगनीजचे संयुग असते आणि त्याचा लालसर थर प्लगवर चढतो. बाटलीच्या पैशांत १०० ऑक्टेनचे चार-पाच लिटर येतात. नागपूरच्या मे महिन्यात गाडी चढावर टकटक करत असेल, तर ते टाकीत घालावेत आणि तरीही आवाज थांबला नाही, तर प्लग व कूलंट एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे.