आगुंग चढायचा आहे? मग हे आधी वाचा

ऑगस्टमध्ये बालीला जाताय, सह्याद्रीत नेहमी भटकता, मोबाइलवर नकाशा आहे, मग तिथल्या आगुंग ज्वालामुखीवर चढायला गाईडचे पैसे कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे दोनदा गेलोय. पहिल्या खेपेला पायथ्यावरूनच परतलो, दुसऱ्या खेपेला माथा गाठला. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाईड घ्याच, आणि घ्याल तो तिथल्याच गावचा घ्या. बालीच्या लोकांसाठी आगुंग म्हणजे देवांचं घर. मेरू पर्वताचा तुकडा आणून हा डोंगर झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. घराची मांडणीसुद्धा ते डोंगराकडची बाजू कुठली आणि समुद्राकडची कुठली हे बघून करतात. उतारावरच्या बेसाकीहच्या मोठ्या देवळात उत्सव असला की चढाई बंद ठेवतात. माझी पहिली खेप अशीच हुकली. तारीख न विचारता गेलो होतो, चूक माझीच. तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी गाईडला दिवस विचारा आणि एक दिवस हाताशी राखून ठेवा.

दुसऱ्या वेळी मध्यरात्रीनंतर पासार आगुंगच्या देवळापासून निघालो. निघण्याआधी गाईडने नारळीच्या पानाचा वीतभरही नसलेला द्रोण पायरीवर ठेवला. त्यात फुलं, चिमूटभर भात आणि एक बिस्किट. वारा इतका होता की उदबत्ती पेटेना. तिसऱ्या काडीला पेटली, तेव्हा कुठे तो हसला. मग आमच्यावर पाणी शिंपडलं आणि ओले तांदूळ कपाळाला चिकटवले. त्या पाण्याला ते ‘तीर्ता’ म्हणतात, म्हणजे आपलं तीर्थच. हे सगळं होईपर्यंत घाई करू नका. आणि हो, डबा भरताना लक्षात ठेवा, या डोंगरावर गोमांस नेत नाहीत.

आता चढाईचं. आगुंग ३१४२ मीटर आहे. पासार आगुंगहून निघता तेव्हाच तुम्ही जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर असता. आधी ओलसर, मुळांनी भरलेलं जंगल, मग घसारा. आपला कातळही लाव्हाचाच, पण तो कोट्यवधी वर्षांचा, बसलेला. इथला ताजा आहे, पाय ठेवला की सरकतो. उतरताना गुडघ्यांची कसोटी लागते, त्यामुळे काठी आणि हातमोजे न्याच. ही वाट साधारण चार-पाच तासांची, बेसाकीहची त्याहून बरीच लांब. वर थंडी चांगलीच बोचते, जाड जॅकेट हवं. उजाडताना पूर्वेला शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी डोंगर दिसतो आणि मागे वळून पाहिलं तर आगुंगची त्रिकोणी सावली ढगांवर पडलेली असते.

हा डोंगर जिवंत ज्वालामुखी आहे, हे विसरू नका. १९६३ साली बेसाकीहला एकादश रुद्र हा शंभर वर्षांतून एकदा होणारा महायज्ञ चालू असतानाच तो फुटला. हजाराहून अधिक माणसं गेली, पण लाव्हा देवळाच्या बाजूने निघून गेला. लोकांनी त्यात देवाचा कोप पाहिला आणि कृपाही. पुढे शके १९०० संपताना, म्हणजे शकाचं शतक पुरं होताना, १९७९ साली, तो विधी पुन्हा केला. शक आपलाच बरं का, त्यांचं नवं वर्षही आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं. मला हे वाचून काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. २०१७ मध्ये पुन्हा राख उडाली, विमानतळ बंद पडला, लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी ज्वालामुखीचा इशारा कुठल्या पातळीवर आहे ते बघा आणि गाईड नको म्हणाला तर हट्ट धरू नका.

ऑगस्ट कोरडा असतो, महिना बरोबर निवडलात. सोबत आई येणार असं लिहिलंय तुम्ही. त्यांना आगुंगवर नेऊ नका. त्यांच्यासाठी बातूर आहे, १७१७ मीटर, दोनेक तासांची चढण, आणि तिथून समोर आगुंगच दिसतो. बेसाकीहला मात्र त्यांना नक्की न्या. सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, आणि कमरेचं उपरणं बरोबर असू द्या. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून उन्हाच्या आधी पोचा.