पानदानाच्या बुडावरचा आकडा

प्रश्न : आमच्या घरी पणजीच्या लग्नातले चांदीचे पानदान आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तू पाहिल्यापासून ते जपून ठेवावेसे वाटते; परंतु आमचे सराफ म्हणतात की त्यावर शिक्का नाही, टंच (चांदीची शेकडा शुद्धता) जेमतेम ९० आहे, तेव्हा ते मोडून नवे ताट घ्यावे. पानदानाच्या बुडाशी ५२ हा आकडा कोरलेला आहे आणि वजन ६०१ ग्रॅम भरते. हा आकडा सालाचा असेल काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सालाचा नसावा; तो वजनाचा असण्याचा संभव अधिक आहे. पूर्वी चांदी ‘रुपयाभार’ मापाने तोलली जात असे, कारण ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. ५२ रुपयाभार म्हणजे ६०६ ग्रॅम. आपले पानदान ६०१ भरते. उरलेले पाच ग्रॅम इतक्या वर्षांच्या हाताळणीत आणि घासण्यात गेले असतील, तर नवल नाही. घडवताना वजन कोरून ठेवले की सोनाराने चांदी मारली नाही याची घरच्यांना खातरी राही, आणि पुढे वाटणीच्या वेळी तंटाही होत नसे.

टंचाचा खुलासाही या रुपयातच सापडतो. त्या नाण्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे शेकडा ९१.६७. कपाशीचे पैसे हाती आले की घरचेच रुपये सोनाराकडे देऊन भांडे घडवून घेण्याचा प्रघात होता. अशा भांड्याचा टंच ९१च्या आसपास येणार, आणि झाकण व बिजागरी जोडण्यासाठी दिलेल्या डाखामुळे, म्हणजे जोडाच्या हलक्या मिश्रधातूमुळे, तो आणखी थोडा उतरणार. याला भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे. १९४० साली मात्र रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. त्या रुपयांचे पानदान असते तर टंच इतका आलाच नसता. म्हणजे सराफांनी जो टंच दोष म्हणून सांगितला, तोच पानदानाच्या जुनेपणाच्या बाजूने बोलतो.

शिक्क्याची अपेक्षा ठेवणेच चूक आहे. इंग्लंडमध्ये चांदी तपासून शिक्का मारणे सक्तीचे होते. येथे तसा कायदा नव्हता. भुजचे चांदीचे कारागीर उमरसी मावजी किंवा मद्रासची पी. ऑर आणि सन्स ही पेढी आपापली नावे उमटवत, कारण त्यांचे गिऱ्हाईक साहेब आणि संस्थानिक होते. गावच्या सोनाराला सारा गाव ओळखत असे. त्याने शिक्का मारावा तरी कोणासाठी? भारतीय मानक ब्युरोचे चांदीचे हॉलमार्किंग तर २००५ पासूनचे, आणि तेही ऐच्छिक.

माझे स्पष्ट मत असे की पानदान मोडू नये. संग्रहालयांतून कच्छची उठावाची चांदी आणि कटकचे तारकाम पाहायला मिळते, कारण ती चांदी विकण्यासाठी, मिरवण्यासाठी घडली होती. शेतकऱ्याघरची भांडी मात्र दुष्काळात, लग्नात किंवा ‘जुने द्या, नवे घ्या’ या व्यवहारात आटवली गेली. मोडीत आपल्याला चांदीचा भाव मिळेल, घडणावळ शून्य धरली जाईल आणि नव्या ताटाची घडणावळ पुन्हा आपणच भरणार. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पानदान शंभर वर्षांहून जुने ठरले, तर १९७२च्या कायद्यानुसार ते पुरावस्तू होते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. कोणाच्या लग्नात आले, कोणत्या गावच्या सोनाराने घडवले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. पुढे कधी संग्रहालयाला द्यावेसे वाटले, तर तेथे हेच पहिल्यांदा विचारतील.

प्रश्न : काळी पडलेली चांदी आम्ही दिवाळीत चिंच आणि राखेने घासतो. ते योग्य आहे काय?
– एक वाचक, खामगाव तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : रोजच्या वाटीला चालेल, नक्षीच्या जुन्या भांड्याला नाही. हवेतील गंधकामुळे चांदीवर काळा थर येतो. राखेने तो निघतो, पण सोबत चांदीही झिजते आणि नक्षी बोथट होते. टूथपेस्टनेही तेच होते. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन मऊ सुती कापडाने लगेच कोरडे करावे आणि नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू द्यावा, कारण फुलापानांचा उठाव त्यानेच दिसतो. मग धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे. लोकरीत नको, आणि गाठोड्याला रबर तर मुळीच लावू नये, कारण रबरातही गंधक असते आणि नेमक्या त्याच रेषेवर काळा पट्टा उमटतो.