अमेरिकेतल्या धरणांत स्ट्राइप्ड बास नावाच्या माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडतात आणि केवढे मोठे मासे मिळतात! आपल्या धरणांत दरवर्षी बीज सोडूनही मासा का मिळत नाही? तो मासा इथे आणता येईल का?

आणू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्रश्नाचा शेवटचा भाग वाचूनच मी लिहायला बसलो. बाहेरून आणलेल्या चिलापी (तिलापिया) माशानं उजनीचं काय केलं ते भीमेकाठच्या कुठल्याही भोयाला विचारा. मागून आफ्रिकन मांगूर आला. आता जाळ्यात सकर मासा येतो, जाळं फाडतो आणि त्याला कोणी विकतही घेत नाही. त्यात आणखी एक परका मासा, तोही दुसरे मासे खाऊन जगणारा, आपल्याला नको.

शिवाय तो इथे तगणार नाही. बास मुळात अटलांटिक किनाऱ्याचा, अंडी घालायला नदीत चढणारा मासा. दक्षिण कॅरोलिनातली सँटी-कूपरची धरणं १९४१-४२ च्या सुमारास भरली, काही मासे वरच्या बाजूला अडकले आणि समुद्रावाचून तिथेच वाढले, अंडी घालू लागले. तिथून हे सगळं सुरू झालं. पण मोठ्या बासला साधारण २५ अंशांच्या वरचं पाणी मानवत नाही. उन्हाळ्यात गारव्यासाठी तो खाली जातो, तर खाली प्राणवायू नसतो. तिथल्या दक्षिणेकडच्या जलाशयांतही मोठे मासे असे मरतात. आपल्याकडे मे महिन्यात धरणात पाणी किती उरतं आणि ते किती तापतं, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

आणि वाढीचं म्हणाल, तर चांगलं खाणं मिळालं की बास तिसऱ्या वर्षी वीसेक इंचांचा होतो, म्हणजे दीड किलोच्या आसपास. आपला कटला चांगल्या पाण्यात वर्षाला किलो भरतो. मासा आपल्याकडे उत्तम आहे. बीज सोडण्याची पद्धत वाईट आहे.

मी भीमा खोऱ्यातल्या एका मध्यम धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. धरणाचं नाव लिहीत नाही, त्यातली माणसं हयात आहेत. एका श्रावणात रात्री उशिरा बीजाची गाडी आली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, बिलावर ‘बोटुकली’, म्हणजे बोटाएवढी पोरं, असं लिहिलेलं. मी बॅटरीच्या उजेडात एक पिशवी घमेल्यात ओतली आणि पट्टी लावली. सगळं बीज इंचाच्या आतलं. मोजणी वाटीची: एका वाटीतले नग मोजायचे आणि वाट्यांच्या संख्येनं गुणायचं. मोजलेली वाटी गच्च होती, पुढच्या वाट्यांत निम्मं पाणी. मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही. त्या वेळचे चेअरमन म्हणाले, “अहो सचिव, मासेमारीच्या ठेक्याच्या अटीत नग लिहिलेत, इंच नाही. नग कमी पडून ठेका गेला तर तुमची पट्टी घेऊन काय करू?”

सही दुसऱ्या कोणाची तरी घेतली आणि बीज तसंच अंधारात सोडलं. धरण तेव्हा भरून सांडव्यावरून वाहत होतं. सकाळी सांडव्याखाली गावातली पोरं मच्छरदाणीच्या कापडात तेच बीज धरत होती. धरणात जे राहिलं ते मरळ, शिंगटा आणि वाम यांच्या पोटात गेलं असणार. इंचाचं पोर खुल्या पाण्यात किती दिवस वाचेल? आणि पैसे संस्थेचे, म्हणजे रोज पहाटे जाळं ओढणाऱ्यांचे.

पुढच्या पावसाळ्यात मी दोन-तीन सभासदांना पटवलं आणि थोडं बीज मेहुण्याच्या शेततळ्यात नेलं. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात आपोआप काही पिकत नाही, त्यामुळे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा रोज घालावा लागला. ते सगळं मेहुण्याच्या बायकोनं केलं, आमच्यापैकी कोणी नाही. पाणकावळ्यांसाठी वरून जुनी जाळी ताणली. दिवाळीपर्यंत बोटुकली चार इंचांवर गेली. सांडवा थांबून बरेच दिवस झाले होते, तेव्हा ती धरणात सोडली. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि जाळ्यात असा कटला लागला की व्यापारी गाडी घेऊन थेट काठावर आला. चेअरमन म्हणाले, पाऊस बरा झाला म्हणून.

चार इंच हा काही माझ्या डोक्यातला आकडा नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचा जुना सल्ला आहे, जलाशयात किमान १०० मिलिमीटरची बोटुकली सोडा. १९९५ साली एफएओनं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं) छापलेल्या भारतीय जलाशयांच्या आढाव्यात लहान जलाशयांचं सरासरी उत्पादन हेक्टरी ५० किलोच्या आसपास आहे आणि मध्यम जलाशयांचं जेमतेम १२ किलो. हे आकडे जुने आहेत, पण आमच्या वहीतला आकडा त्यांच्यापेक्षा फार वेगळा नव्हता.

दरवर्षी बीज सोडावंच लागतं, इथेही आणि तिथेही. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प (कटल्याच्या कुळातल्या) माशांचं प्रजनन करून दाखवलं, तोवर बीज नद्यांतून धरून आणत. बासची अंडी तर प्रवाहात दोनेक दिवस तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की मरतात. अमेरिकेतल्या टेक्सोमासारख्या, वर लांब नदी मोकळी असलेल्या थोड्याच जलाशयांत ते जमतं. बाकी ठिकाणी हॅचरीत, म्हणजे बीज केंद्रात, तयार केलेलं बीज.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतही बासची बोटुकली इंच-दोन इंचांचीच सोडतात. खरं आहे. पण तिथे नंतर ठरलेल्या जागी जाळी लावून पाहतात, मासे मोजतात, वजन करतात, कानातल्या हाडावरून वय काढतात आणि त्यावरून पुढच्या वेळी किती सोडायचं ते ठरवतात. पकडणारे बहुतेक गळवाले, त्यांनाही रोज किती आणि केवढा मासा न्यायचा याची मर्यादा असते. आपल्याकडे पावती फाईलला लागली की विषय संपला, आणि बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांकडे सगळेच काणाडोळा करतात.

शेततळ्याचा उपाय सगळीकडे चालेल असं मात्र नाही. दुष्काळी वर्षी तळ्यालाच पाणी नसतं, खाद्याचा खर्च आधी करावा लागतो, आणि सोडलेल्या माशांवर आम्ही खूण केली नव्हती, त्यामुळे चेअरमनचं पावसाचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. म्हणून तुम्ही करणार असाल तर सोडण्याआधी काही बोटुकल्यांचा एक पर (पोहण्याचा पंख) कातरा आणि जाळ्यात तसे किती येतात ते लिहून ठेवा. कातरलेला पर पुन्हा उगवतो, पण नीट पाहिलं तर वेडावाकडा दिसतो. तुम्ही संस्थेचे सभासद असाल तर वार्षिक सभेत बीजखरेदीच्या ठरावात नगांपुढे ‘किमान चार इंच’ एवढं लिहून घ्या, आणि गाडी दिवसा उजेडी, सांडवा थांबल्यावर बोलवा. चेअरमन ठेक्याच्या अटी दाखवतील. अटी नगांच्याच आहेत, पण ते नग मोठे असू नयेत असं त्यांत कुठेही लिहिलेलं नाही.