वाचकांचे प्रश्न : हा खर्च कोणाच्या खात्यावर?

या महिन्यात पत्रं कमी आणि व्हॉट्सॲपच जास्त आलं, त्यातही दोघांनी व्हॉइस नोट पाठवल्या, एक तर अकरा मिनिटांची. ऐकली पूर्ण. पण पुढच्या वेळी कृपा करून लिहून पाठवा, माझे कान आता सत्तरीच्या पुढचे आहेत. नावं नेहमीप्रमाणे काढलीत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

प्रश्न : सलाम पास्टर. वय ३६, भोसरीला एका कंपनीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे असं दोन वर्षांपासून मनात पक्कं बसलंय, उपासाच्या दिवशी वचन उघडलं की लूक १४:२६ च समोर येतं. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जायचं म्हणतोय. मिसेस तयार नाही. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी तिसरीत. ती म्हणते, तुम्हाला पाचारण आलं, मला नाही आलं. मी तिचं ऐकू की प्रभूचं?

उत्तर : भाऊ, तुमच्या मिसेसचं ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. चाळीस वर्षांच्या सेवेत मला इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं, म्हणजे बोललं होतं एकदा, त्यावर येतो पुढे.

आधी वचन बघू. लूक १४:२६ मध्ये बाप, आई, बायको, मुलं यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असं आहे आणि तिथेच तुम्ही थांबलात. हीच शिकवण मत्तय १०:३७ मध्ये आहे, तिथे शब्द आहेत 'माझ्यापेक्षा अधिक' प्रीती. इब्री, म्हणजे हिब्रू, बोलण्याची ती पद्धतच आहे. उत्पत्ती २९ वाचा, याकोबाचं राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रेम होतं असं एका ओळीत आहे आणि पुढच्याच ओळीत लेआ नावडती होती म्हटलंय. म्हणजे क्रम लावायचाय, घरच्यांना टाकून द्यायचं नाहीये. आणि २६ नंतर दोनच ओळी खाली, २८ मध्ये, बुरूज बांधणारा माणूस आहे, जो आधी खाली बसून खर्चाचा हिशोब करतो. उपासाच्या दिवशी बायबल दोन ओळी खाली उघडलं असतं तर बरं झालं असतं हो!

आता हिशोब म्हटला की टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, रविवारी उपासना संगीतातलं त्यांचं पद गायलो नाही असा महिना जात नाही. कोकणातले चित्पावन ब्राह्मण, गाडीत भेटलेल्या एका परक्या माणसाने नवा करार हातात दिला, डोंगरावरच्या प्रवचनाला ते अडकले ते अडकलेच, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. साक्षीत आपण इथपर्यंत सांगतो आणि हालेलुया म्हणतो. पण त्या तारखेला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठे होत्या? नात्यातल्या लोकांत, पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोक काय काय बोलत असतील ते आजही गावाकडच्या बाईला सांगावं लागत नाही. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी कशी काढली ते स्मृतिचित्रांत त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे इतकं हसत लिहिलंय की रडू उशिरा येतं. नंतर त्या नगरला टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही सोवळं त्यांचंच, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातीचं भूत त्यांच्या डोक्यातून त्यांच्या त्यांनीच उतरवलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायाने जाऊन. टिळक १९१९ ला गेले, त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्तावरचं महाकाव्य, याच बाईने पूर्ण केलं. मिशनऱ्यांनी आणि आपणही पाचारणाची किंमत टिळकांच्या नावावर लिहिली, पण १८९५ ते १९०० चे हप्ते लक्ष्मीबाईंनी भरले आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

टिळक चुकले असं मी म्हणत नाहीये, माझी ती लायकी पण नाही. मी माझं सांगतो. मी पंचविशीत एसटीतली क्लार्कची नोकरी सोडली, घरी येऊन सांगितलं, विचारलं नाही. चार वर्षं 'विश्वासाने' सेवा केली, म्हणजे पगार नव्हता. सभेत साक्ष द्यायचो की देवाने एक दिवस उपाशी ठेवलं नाही, लोक आमेन म्हणायचे. एकदा संगमनेरकडे अशीच साक्ष देऊन रात्री घरी आलो, ही मशीनवर बसलेली, फॉल-पिकोच्या साड्यांचा गठ्ठा शेजारी, साडेअकरा वाजलेले, आणि पायाला सूज म्हणून एक पाय पाटावर ठेवून दुसऱ्या पायाने पायडल मारत होती. म्हणाली, देवाने पुरवलं हे खरंच आहे, पण पुढच्या वेळी सांगताना मशीनचं पण नाव घ्या. मी जेवलो आणि झोपलो. ते बोलणं लागायला मला पुढची दहा वर्षं लागली.

तर भाऊ, ऐकू कोणाचं हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. येशूच्या मागे जाताना पेत्राने मासेमारीची जाळी सोडून दिली, मान्य, पण मार्क १ मध्ये येशू त्याच्याच घरी जातो आणि तापाने पडलेल्या सासूला बरं करतो, आणि करिंथकरांस पहिलं पत्र ९:५ वाचा, पेत्र पुढे बायकोला बरोबर घेऊन फिरायचा असं पौल सांगतो. जाळी सोडली, बायको नाही सोडली.

राजीनामा देऊ नका आत्ता. एक कागद घ्या, डाव्या बाजूला तुम्ही काय सोडणार ते लिहा, उजवी बाजू कोरी ठेवा आणि ती मिसेसला तिच्या अक्षरात भरू द्या. तुम्ही तिथे बसू नका, बाहेर चक्कर मारून या. हप्ता किती वर्षं राहिलाय, मुलीची शाळा, तिचं माहेर काय म्हणेल, सगळं येऊ दे. मग दोघं मिळून वाचा. पुण्यात राहून पत्राद्वारे किंवा शनिवार-रविवारी शिकता येईल असे कोर्स आहेत, वर्षभर ते करा, चर्चमध्ये संडेस्कूलचा एखादा वर्ग घ्या, कंपनीत कोणाचा ॲक्सिडेंट झाला तर हॉस्पिटलात पहिले जा. पाचारण खरं असेल तर वर्षभरात शिळं होत नाही. आणि वर्षाने ती तयार झाली तर मला दोघांचं मिळून पत्र पाठवा, नाही झाली तर तिचं एकटीचं पाठवा, मला तेच जास्त वाचायचंय.

प्रश्न : युवकांच्या कॅम्पमध्ये सरांनी 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला आणि बॉनहॉफरचं नाव घेतलं. कृपा तर फुकटच असते ना? मग स्वस्त-महाग काय? (नाशिक, वय १९)

उत्तर : फुकट आहे, बरोबर. पण लग्नातलं जेवणही फुकट असतं, वधूच्या बापाला विचार किती खर्च आला ते. डीट्रिख बॉनहॉफर जर्मन लुथरन पाळक, त्याचं १९३७ चं पुस्तक आहे, जर्मन नाव 'नाखफोल्गे', म्हणजे सरळ मराठीत अनुसरण, मागे चालणं. त्याचं म्हणणं असं की पश्चात्तापाशिवाय क्षमा, वधस्तंभाशिवाय कृपा, असं वाटत सुटलो तर ती स्वस्त होते. हे त्याने निवांत खोलीत बसून लिहिलं नाही, हिटलरला मान तुकवणाऱ्या चर्चला नकार देणाऱ्या गटाचं छोटं सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, तो चालवत होता आणि त्याच वर्षी गेस्टापोने, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केलं. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्याला अमेरिकेत नेऊन सेफ केलं होतं, महिनाभरात तो स्वतःहून परत निघाला. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिलं, वय ३९. अमेरिकन सैन्य तिथे पोचलं त्याच महिन्याच्या २३ तारखेला. तुमच्या सरांना सांग, पुढच्या कॅम्पला हे पण सांगा, नुसता शब्द नको.

प्रश्न : पास्टर, मी नर्सिंगच्या ॲडमिशनची तयारी करतेय. आमच्या घरात कागदावर एक आणि चर्चमध्ये एक असं आहे, पप्पांच्या दाखल्यावर हिंदू आहे आणि जातीचं सर्टिफिकेट आहे. आमचा बाप्तिस्मा झालाय. एका पाहुण्या प्रचारकाने वेदीवरून सांगितलं की असे लोक येशूला दगा देणारे यहूदा आहेत, तीस नाण्यांना विकले गेलेले. मम्मी त्या दिवसापासून प्रभूभोजन घेत नाही. मी फॉर्म भरू का नको? (मराठवाडा)

उत्तर : बेटा, पहिलं म्हणजे मम्मीला सांग की प्रभूभोजन त्या पाहुण्याच्या मेजावरचं नाहीये.

आता कायदा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे मराठवाड्यातल्या किंवा आमच्या नगरच्या महार-मांग घरातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की कागदावर जात संपली आणि गावात तशीच राहिली, पाणवठ्यावरही राहिली आणि खरं सांगायचं तर काही चर्चच्या बाकांवर आणि स्मशानात पण राहिली. तुझ्या पप्पांनी जे केलं ते कुठल्या अडचणीत केलं हे मला माहीत आहे, मी त्यांच्यावर दगड उचलणार नाही. ज्याचं स्वतःचं काहीच जात नाही त्याने शिष्यत्वाची किंमत मोठ्याने सांगू नये, मी पण त्यातलाच आहे, माझ्या वडिलांना मिशनची नोकरी होती आणि मला मिशनच्या शाळेत फी माफ होती.

पण तू मला विचारलंस म्हणून 'चालतं गं' असं पण म्हणणार नाही. त्या फॉर्मवर पप्पांची नाही, तुझी सही असणार आहे आणि कायद्यानेही तो धोका तुझाच आहे, नर्स झाल्यावर दहा वर्षांनी पडताळणीत निघालं तर नोकरी जाते. सही करण्याआधी चांगल्या वकिलाला सगळं खरं सांगून विचार. मला विचारशील तर खरं लिही. आणि खरं लिहून फी परवडत नसेल तर तुझ्या पाळकांचा नंबर मला पाठव, मी स्वतः त्यांना फोन करतो. एका मुलीची फी शंभर घरांच्या मंडळीला जड नसते, आधी ती भरावी आणि मग वेदीवरून काय बोलायचं ते बोलावं.

प्रश्न : मागच्या महिन्यात संजीवन सभेत पुढे जाऊन गुडघ्यावर पश्चात्ताप केला, खूप रडलो, दोन दिवस हलकं वाटलं. आता परत झोप नाही. आठ वर्षांपूर्वी वडील वारल्यावर बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, तिला सांगितलं होतं पीककर्जाचे कागद आहेत. ती फार शिकलेली नाही. आता त्या दोन एकरात माझी डाळिंबं आहेत. देवाने क्षमा केली असेल ना? (ता. राहाता)

उत्तर : तुम्ही रडलात ते खोटं नव्हतं. पण आपला शब्दच बघा, पश्चात्ताप, म्हणजे नंतरचा ताप, आणि तो तुम्हाला आला, उतरला, परत आला. इब्री शब्द आहे शूब, त्याचा अर्थ नुसता माघारी वळणं, त्यात रडण्याचा काही संबंध नाही. लूक ३ मध्ये लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तर तो कोणालाच रडा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने आपल्या पगारात भागवावं. सगळं कपड्याचं नाहीतर पैशाचं. लूक १९ मधला जकातदार जक्कय येशूला बघायला चढला होता त्या उंबरावरून खाली उतरला आणि त्याने काय सांगितलं, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात कबूल करून परत देणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं, चौपट हे मेंढरू चोरून कापणाऱ्या चोराला होतं, निर्गम २२. म्हणजे जक्कयाने स्वतःला कुठल्या कलमात बसवलं ते बघा.

तुमच्या बाबतीत गुपचूप दशमांश वाढवून चालणार नाही, तसं बरेच करतात. देवाच्या पेटीत टाकलेल्या पैशाने बहिणीचा सातबारा बदलत नाही. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू आहे, त्यात वडिलांच्या मागे मुलगा-मुलगी सारखे, त्यामुळे ती जमीन तिला द्यायची म्हणजे मेहेरबानी नाही, हे बोलताना लक्षात ठेवा. भेटवस्तू देतोय असा चेहरा करू नका. वकिलाला विचारून बक्षीसपत्र म्हणा की आणखी काय म्हणतात ते रजिस्टर करा, नंतर तलाठ्याकडून फेरफार लागला का ते बघा. आठ वर्षांच्या उत्पन्नाचं काय ते तिला विचारा, आकडा तिला सांगू दे. ती माफ करेल किंवा भावोजी घरात येऊ देणार नाहीत, दोन्हीची तयारी ठेवा.

आणि एक, तुमच्या पत्रात बायकोचा उल्लेख कुठेच नाही. त्या दोन एकरात तिने पण पाणी धरलंय, छाटणीला राबलीय. बहिणीकडे जायच्या आदल्या रात्री तिला सगळं सांगा, पीककर्जाच्या खोट्यासकट. जाताना डाळिंबाची पेटी घेऊन जाऊ नका, फाइल घेऊन जा, आणि या वेळी कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर भाचीला वाचू द्या.