खिशातला कागद

चि. ...

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. निवडून येऊन आठ महिने झाले आणि तुझा एकही विषय अजून विषयपत्रिकेवर आलेला नाही, उभी राहिलीस की अध्यक्ष "पुढचा विषय" म्हणतात, आणि खरे निर्णय 'ऐनवेळचे विषय' म्हणून दोन मिनिटांत उरकले जातात. सगळं वाचलं. राजीनाम्याबद्दलची ओळ तू खोडली आहेस, तीही वाचली. एकतीस वर्षं सभागृहातलं बोलणं लघुलेखनात टिपत आलो. लोकांनी मागे घेतलेले शब्दही कानात राहतात.

तुझ्या अध्यक्षांबद्दल मी काही बोलणार नाही. त्याऐवजी एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगतो, कारण तुझ्या तक्रारीवर मला दुसरं औषध ठाऊक नाही. त्याचं नाव जॉर्ज नॉरिस. जन्म १८६१चा, ओहायोतल्या शेतकरी घरातला. तीन वर्षांचा असताना बाप गेला, त्याच वर्षी थोरला भाऊ तिकडच्या यादवी युद्धात गेला. शेत आणि घर आईने ओढलं. पोरगा वकील झाला, नेब्रास्कात जाऊन राहिला, काही वर्षं जिल्हा न्यायाधीश होता आणि १९०३ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसला. पक्ष रिपब्लिकन, आणि सुरुवातीला अगदी पक्षाच्या शब्दाबाहेर न जाणारा.

त्या वेळी सभापती होते जोसेफ कॅनन, सगळे 'अंकल जो' म्हणायचे. त्यांच्यापुढे तुझे अध्यक्ष फारच गरीब गृहस्थ वाटतील. कुठलं विधेयक सभागृहासमोर येणार हे ठरवणाऱ्या नियम समितीत पाच माणसं, आणि तिचे प्रमुख स्वतः सभापती. कोणाला कुठल्या समितीवर घ्यायचं ते सभापती ठरवणार. बोलायला कोणाला उभं करायचं, तेही तेच. एका मतदाराने सभागृहाची नियमावली मागवली तर त्याच्या प्रतिनिधीने कॅननसाहेबांचा फोटो पाठवून दिला, असा किस्सा सांगतात. खराखोटा माहीत नाही, पण तो किस्सा पसरला यावरूनच कारभार कळतो.

नॉरिसला हे पटेना. पण त्याने आरडाओरडा केला नाही. त्याने एक ठराव लिहिला: नियम समिती सभागृहाने निवडावी आणि सभापती तिच्यात नसावा. तो कागद घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि कित्येक महिने तसाच बाळगला. रीतसर मांडला असता तर तो जाणार कुठे? नियम समितीकडेच. म्हणजे ज्याच्यावर फिर्याद त्याच्याच चावडीवर.

१७ मार्च १९१० ला फट सापडली. आदल्या दिवसापासून जनगणनेच्या एका विधेयकावर वाद चालू होता. जनगणना राज्यघटनेतच सांगितली आहे, म्हणून हा विषय इतर कामकाजाच्या आधी घेता येतो, अशी भूमिका कॅनननी घेतली होती आणि ती शेवटी सभागृहाकडून मान्य करून घेतली. नॉरिस ऐकत होता. आता बघ, आपले नियम प्रत्येक सभागृहाने स्वतः करावेत हेसुद्धा त्याच घटनेत लिहिलेलं आहे! तो उठला, घटनेने अग्रक्रम दिलेला एक ठराव मांडायचा आहे म्हणाला, आणि खिशातला कागद काढून दिला. सभापतींनी आपणच उघडलेल्या दारातून माणूस आत आला होता.

त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा, म्हणजे आयरिश लोकांचा, सण होता, कॅननचे बरेच लोक मेजवान्या आणि मिरवणुकांना गेलेले. त्यांना गोळा करायला वेळ हवा म्हणून सभापती निर्णय देईनात. हरकतीच्या मुद्द्यावर भाषणांमागून भाषणं, रात्रभर सभागृह चालू, सदस्य बाकांवर पेंगतायत, गैरहजर असणाऱ्यांना शोधून आणायला माणसं धाडलेली. (त्या रात्रीच्या लघुलेखकांच्या बोटांचा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.) दरम्यान नॉरिसने विरोधी पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅटांच्या, लोकांशी बोलून ठरावाला मुरड घातली, पंधरा सदस्यांच्या समितीऐवजी दहा सदस्यांची समिती मान्य केली. १९ तारखेला कॅनननी ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहाने तो निर्णय फिरवला, आणि ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला.

पण मला आवडतो तो त्यानंतरचा अर्धा तास. कॅनन म्हाताऱ्या पैलवानासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, आता मला पदावरून काढायचा प्रस्ताव कोणाला आणायचा असेल तर आणा. एकाने लगेच आणला. नॉरिसने त्या प्रस्तावाच्या विरोधात मत दिलं. कॅनन १९२ विरुद्ध १५५ ने खुर्चीवर राहिले. नॉरिसचं भांडण खुर्चीच्या हातात साठलेल्या अधिकारांशी होतं, ते काढून घेतल्यावर म्हाताऱ्याला रस्त्यावर आणायची त्याला गरज वाटली नाही. तुझ्या पत्रात अध्यक्षांचं नाव अकरा वेळा आलंय आणि नियमाचा क्रमांक एकदाही नाही, म्हणून हे जरा रेंगाळून लिहिलं.

पुढे नॉरिस सिनेटमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, गेला आणि तिथे तीस वर्षं राहिला. १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना हवं होतं. त्या विधेयकाने अमेरिका युद्धात ओढली जाईल म्हणून नॉरिस आणि आणखी काही जणांनी अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत बोलत राहून ते अडवलं. देशभर शिव्या पडल्या, घरच्या वर्तमानपत्रांतही. त्याने राज्यपालांना कळवलं, खास निवडणूक घ्या, लोकांना मी नको असेन तर जातो. राज्यपाल तयार होईनात. मग त्याने राज्याच्या राजधानीत, लिंकनमध्ये, सभागृह भाड्याने घेतलं. मित्र म्हणाले येऊ नकोस. सभेचा अध्यक्ष व्हायला कोणी मिळेना, ओळख करून द्यायला कोणी नाही. हा एकटाच व्यासपीठावर आला. हॉल खचाखच आणि चिडीचूप, टाळी नाही, हुर्यो नाही. "मी तुम्हाला खरं सांगायला घरी आलोय," हे त्याचे पहिले शब्द. आणि मग त्याने विधेयकातलं एकेक कलम सांगत तासाभरावर बोलून घेतलं. शेवटी लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. पुढच्या आठ-दहा दिवसांत युद्धाचा ठराव मताला आला तेव्हा विरोधात मत देणारे सिनेटर सहा होते, त्यात हा एक. १९१८ मध्ये नेब्रास्काने त्याला पुन्हा निवडून दिलं. युद्धाबद्दल त्याचं बरोबर होतं का, यावर माझं मत अजून डळमळतं. पण तू वॉर्डात शेवटची सभा कधी घेतलीस? 'लोक चिडलेत' एवढं लिहून तू पुढे गेली आहेस.

वॉर्डात तुझ्या नावाची दुसरी बाई उभी केली होती ना? तो डाव फक्त आपल्याकडचा नव्हे. १९३० मध्ये विरोधकांनी नॉरिससमोर पक्षांतर्गत निवडणुकीत दुसरा जॉर्ज नॉरिस उभा केला, ब्रोकन बो गावचा किराणा दुकानातला माणूस. मतपत्रिकेवर दोन सारखी नावं, फरक कळायला खूण नाही. अर्ज टपालाने एक-दोन दिवस उशिरा पोहोचला म्हणून न्यायालयात बाद झाला, नाहीतर कठीण होतं. पुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल त्या दुकानदाराला शिक्षा झाली.

नॉरिसची बाकीची कामं भराभर सांगतो. संप मोडायला न्यायालयांतून सर्रास मनाई हुकूम आणायची सोय काढून घेणारा १९३२चा कायदा त्याच्या आणि ला ग्वार्डिया यांच्या नावाने ओळखला जातो. निवडणूक हरलेले सदस्य पुढचे चार महिने कायदे करत बसायचे, ते बंद करणारी विसावी घटनादुरुस्ती त्याचीच. सिनेटने ती पुन्हा पुन्हा संमत केली आणि प्रतिनिधिगृहाने पुन्हा पुन्हा अडवली, जवळजवळ दहा वर्षं. टेनेसी नदीवरच्या मसल शोल्सचा सरकारी प्रकल्प हेन्री फोर्डना स्वस्तात हवा होता, तो नॉरिसने सोडला नाही. त्याच्या विधेयकाला अध्यक्ष कूलिजनी नकार दिला, त्यांच्यानंतरच्या हूवरनी नकार दिला, आणि १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी सही केल्यावर टेनेसी खोरे प्राधिकरण, म्हणजे त्या खोऱ्यात धरणं बांधून वीज पुरवणारी सरकारी संस्था, उभं राहिलं. त्यातल्या पहिल्या धरणाला त्याचंच नाव आहे. त्या धरणाखाली सुमारे २९०० कुटुंबांची घरं गेली आणि पाच हजारांवर कबरी उकरून हलवाव्या लागल्या, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला गती दिली, तेव्हा समोर नमुना होता तो या टेनेसीचा.

१९३४ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने नेब्रास्काच्या विधिमंडळाचं एक सभागृहच रद्द करायला लावलं. दोन सभागृहांत मतभेद झाला की सहा जणांची समिती बंद दाराआड विधेयक शिजवायची आणि कोणी काय केलं ते कुणालाच कळायचं नाही, हा त्याचा राग. गाडी घेऊन राज्यभर फिरला, टायरचे दोन संच झिजवले. लोकांनी मान्य केलं. आजही त्या राज्यात एकच सभागृह आहे आणि तिथे पक्षाच्या चिन्हावर निवडणूक होत नाही.

१९४२ मध्ये तो हरला. एक्याऐंशी वर्षांचा होता, मॅकुक गावी परतला आणि दोन वर्षांनी वारला. शेवटच्या निवडणुकीत उभं राहायलाच नको होतं, असं मला वाटतं, पण ते माझं निवृत्त माणसाचं मत.

आता तुझं. सभेच्या कामकाजाचे नियम कार्यालयातून रीतसर अर्ज करून माग, पोच घे. मागच्या तीन सभांची इतिवृत्तं घे आणि 'ऐनवेळचे विषय' कोणत्या नियमाने घेतले ते प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिही. नियम सापडला नाही तर जागा कोरी सोड. तुझ्या पाण्याच्या टाकीचा ठराव एका पानात, तीन कलमांत लिहून मला पाठव. मी भाषा बघून देतो. अनुमोदक कोण, तेही कळव. विरोधी बाकावरचा असला तरी चालेल.

काकू म्हणते, दिवाळीला ये. येताना तो कागद घेऊन ये.

तुझा,
काका