निफाडची थंडी, रात्रीची लाईट आणि फुगवण थांबलेली बाग

राम राम मंडळी. गेल्या चार दिवसांत फोनवर जे प्रश्न आले ते थोड्याफार फरकाने एकच आहेत, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. एका दादांची थॉमसन द्राक्षाची बाग २० ऑक्टोबरच्या छाटणीची, आज पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांवर आलीय, पहाटे पारा सहा-सात अंशावर जातोय, ते म्हणतात मणी आठ दिवसांपासून जागचा हललाच नाही, अजून एक डीप देऊ का, म्हणजे घड परत संजीवकाच्या पाण्यात बुडवू का? दुसऱ्या ताईंचं म्हणणं, दुकानदाराने गंधक दिलंय पण भुरी, ती पांढरी बुरशी, काही थांबत नाही. आणि तिसरा प्रश्न सगळ्यांचाच, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, मग पाणी कधी सोडायचं?

आधी डीपचं बोलतो, कारण खिशाला सगळ्यात जास्त चटका तिथंच बसतो. जीएचं, म्हणजे डीपमधल्या जिब्रेलिक आम्लाचं, काम मणी तीन-चार मिलिमीटरचा आणि मग सहा-आठ मिलिमीटरचा असताना होतं, ती वेळ तुमची गेली दादा. आता मुळी गारठलीय, ती अन्नपाणी उचलत नाही म्हणून मणी थांबलाय, वरून घडाला काहीही पाजलं तरी खाली मुळी झोपलेलीच राहणार. उलट उशिराच्या डीपने साल जाड होते आणि साखर भरायला वेळ लागतो. थंडी ओसरली की फुगवण परत सुरू होते, पूर्वीच्या वेगाने होईल असं नाही, पण होते. तेवढे दिवस बाटली बाजूला ठेवा आणि पाण्याकडे बघा.

पाण्याची गंमत अशी आहे की पहाटे पाच वाजता विहिरीच्या पाइपखाली हात धरला तर ते कोमट लागतं, वाफ निघताना दिसते. शेततळ्याचं पाणी मात्र रात्रभर उघड्यावर पडून गार झालेलं असतं. म्हणून ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी थंडीच्या लाटेत पहाटेचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं द्यावं आणि तळ्याचं दुपारी वापरावं. रात्रीची लाईट असेल तर दहा-अकराला मोटर चालू करून झोपू नका, निम्मं पाणी पहाटेच्या टप्प्यात पडेल असं बघा, कारण बागेतला सगळ्यात गार तास उजाडायच्या जरा आधीचा असतो. मात्र ज्यांची सप्टेंबर छाटणी आहे आणि मण्यात पाणी उतरलंय, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागलाय, त्यांनी हात आखडता ठेवा. कोरड्या बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर, एकदम भरपूर पाणी सोडलं की क्रॅकिंग झालंच, मणी तडकलेच म्हणून समजा. रोज थोडं थोडं द्या. बोदावर पाचट असेल तर राहू द्या, मुळीला ऊब राहते, पण दोन ओळींमधला पट्टा मोकळा आणि ओला ठेवा म्हणजे दिवसा ऊन पितो आणि रात्री ती ऊब वर सोडतो.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा वर्तमानपत्रात येतो तो तुमच्या बागेचा नसतो. एक साधा थर्मामीटर घडाच्या उंचीला लटकवा, आणि तो घराजवळ नको, ओहोळाकडच्या सखल बाजूला, गार हवा तिथंच साचते. शेकोट्या पण तिकडेच करा. एक मोठा जाळ करून उपयोग नाही, धग सरळ वर निघून जाते, लहान लहान आठ-दहा ठिकाणी करा आणि वारा असेल तर करूच नका. टायर जाळणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, ती काजळी घडावर बसते आणि मग व्यापाऱ्याशी हुज्जत तुम्हालाच घालावी लागते.

ताई, भुरीचं असं आहे की गंधक त्याच्या वाफेने काम करतं आणि त्याला साधारण वीस अंशाच्या वर ऊब लागते. सकाळी सातला दवात ब्लोअर फिरवला तर निम्मं औषध दवाबरोबर खाली जातं आणि उरलेलं गारठ्यात पडून राहतं. दहाच्या पुढे, पान कोरडं झाल्यावर, लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक मारा आणि घडाच्या आतल्या बाजूला पोचतंय का ते बघा. भुकटी धुरळू नका, डाग पडतात. एक्स्पोर्टला माल द्यायचा असेल तर अनेक्शर पाच, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची यादी, तिच्या बाहेरचं काही नको, आणि काढणीपर्यंतचे दिवस लेबलवर वाचून मोजा, दुकानदाराच्या तोंडावर नको.

आता घडाला गुंडाळायचा पेपर. रात्री गारठा आणि दुपारी कडक ऊन असलं की थॉमसनचा मणी गुलाबी पडतो, पिंक बेरी म्हणतो ती हीच. एकदा गुलाबी झालेला मणी परत हिरवा होत नाही, म्हणून पाणी उतरायच्या आठ-दहा दिवस आधीच घड झाकून घ्या. पेठ-सुरगाण्याच्या मजूर बाया आठला पिकअपमधून उतरतात तेव्हा त्यांची बोटं गारठलेली असतात, पहिला तास त्यांना शेकू द्या, चहा द्या, घाईने लावलेला पेपर वाऱ्याने दुपारीच उडतो. आणि लावायच्या आधी घड उचलून मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, आहे का बघा. आत एकदा राहिला की काढणीलाच दिसतो, तोवर घड चिकट झालेला असतो.

रात्री मोटरवर एकट्याने जाऊ नका. बिबट्या उसातून बागेत येतो हे मी सांगायला नको, दोघं जा, बॅटरी आणि काठी घ्या, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा.

गुरुवारी मी तुमच्याच शिवारात आहे. सखल बाजूच्या दोन ओळींतले चार-पाच पेपर सोडून ठेवा, घड आतून बघू, मगच पुढच्या फवारणीचं ठरवू.